रांको पोपोविच

(जन्म : २६ जून १९६७). सर्बियन फुटबॉलपटू आणि सहा देशांत काम केलेले प्रशिक्षक. २०१७-१८ च्या इंडियन सुपर लीगमध्ये एफसी पुणे सिटी हा संघ त्यांच्या हाताखाली उपांत्य फेरीत पोचला. ही मजल त्या संघाने आधी कधी मारली नव्हती आणि नंतरही मारली नाही.

पोपोविच यांचा जन्म तेव्हाच्या युगोस्लाव्हियातील, आजच्या कोसोव्होतील पेच या गावचा. मधल्या बचावफळीत खेळणारे पोपोविच काही काळ स्पेनमध्ये अल्मेरियाकडून खेळले, पण खेळाडू म्हणून त्यांचे नाव झाले ते ऑस्ट्रियातील स्टुर्म ग्राझमध्ये. या संघाने १९९८ आणि १९९९ साली लागोपाठ ऑस्ट्रियाचे विजेतेपद मिळवले आणि पुढे चॅम्पियन्स लीग या युरोपातील क्लबांच्या स्पर्धेतही मजल मारली. प्रशिक्षक होते इव्हिका ओसिम. १९९० च्या विश्वचषकात युगोस्लाव्हियाला उपांत्यपूर्व फेरीपर्यंत नेणारे ते हेच.

संगीताच्या भाषेत सांगायचे तर पोपोविच ‘ग्राझ घराण्या’चे. ओसिम पुढे जपानला गेले आणि २००६ मध्ये त्या देशाच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. ग्राझमध्ये त्यांच्यासोबत काम केलेले मिहाइलो पेत्रोविच त्याच वर्षी हिरोशिमाच्या सानफ्रेचे संघावर रुजू झाले आणि पोपोविच त्यांचे साहाय्यक म्हणून गेले. त्याआधी त्यांनी ऑस्ट्रियातल्या आर्नफेल्ससारख्या छोट्या गावच्या संघात खेळाडू आणि प्रशिक्षक अशी दुहेरी जबाबदारी सांभाळली होती. त्यांची भटकंती वरवर दिशाहीन वाटते, पण तिच्यातला जपानचा धागा असा गुरुबंधूंच्या ओळखीतून आला आहे.

मायदेशी झेमुन आणि स्पार्ताक सुबोतित्सा या संघांबरोबर काम करून ते २००९ मध्ये ओइता त्रिनिताचे मुख्य प्रशिक्षक म्हणून जपानला परतले. ओइता तेव्हा सलग १४ सामने हरलेला होता. पोपोविच आल्यावर संघ सावरला, अखेरच्या टप्प्यात हरेनासा झाला, पण तोवर उशीर झाला होता. वरच्या श्रेणीतले स्थान गेलेच. २०११ मध्ये त्यांनी माचिदा झेल्वियाला दुसऱ्या श्रेणीत चढवले आणि लगेच एफसी टोकियोची सूत्रे घेतली. तिथे दोन मोसम निभावले. सेरेझो ओसाकात मात्र २०१४ चा अर्धा मोसमही पुरा झाला नाही.

त्याच वर्षाच्या अखेरीस ते स्पेनमध्ये रेआल झारागोझाकडे गेले. वरच्या श्रेणीत बढतीसाठीच्या २०१५ च्या लढतीत झारागोझा घरच्या मैदानावर जिरोनाकडून ०-३ असा हरला. प्रकरण संपले असे कुणीही म्हटले असते. परतीच्या सामन्यात मात्र झारागोझाने ४-१ अशी बाजी मारली. दोन्ही सामने मिळून ४-४ अशी बरोबरी झाली आणि अशा वेळी प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर जास्त गोल करणारा संघ पुढे जाईल, या नियमाच्या जोरावर झारागोझा पुढे गेला. अंतिम लढतीत लास पाल्मासविरुद्ध याच नियमाने त्याचा घात केला : घरी ३-१ विजय, तिकडे ०-२ पराभव. पोपोविच यांच्या वाट्याला असे हुकलेले घास बरेच आले.

थायलंडमधील बुरीराम युनायटेडनंतर २०१७ च्या सप्टेंबरमध्ये ते पुण्यात आले. एफसी पुणे सिटीचे हे चौथे वर्ष आणि चौथे प्रशिक्षक. आधीचे तिघे, इटलीचे फ्रँको कोलोम्बा, इंग्लंडचे डेव्हिड प्लॅट आणि स्पेनचे अंतोनियो हबास, प्रत्येकी एकच मोसम टिकले होते. संघाचे घर म्हणजे बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेल्या या स्टेडियममध्ये मैदानाभोवती धावपट्टी आहे, त्यामुळे प्रेक्षक खेळापासून लांब पडतात. पेठांतून संध्याकाळच्या वाहतुकीत तिथवर जायचे म्हणजे फुटबॉलचे वेड हवेच.

सुरुवात घरच्या पराभवाने झाली : दिल्ली डायनामोजकडून २-३. चारच दिवसांनी गतविजेत्या एटीकेला कोलकात्यात जाऊन ४-१ असे हरवले तेव्हा संघाचा खरा चेहरा दिसला. उरुग्वेचा एमिलियानो अल्फारो (९ गोल) आणि ब्राझीलचा मार्सेलिन्यो (८ गोल) ही जोडी त्याच्या केंद्रस्थानी होती. मध्यफळीत मार्को स्टँकोविच होता, तोही एकेकाळचा स्टुर्म ग्राझचाच. गोलजाळ्यात विशाल कैथ आणि डाव्या बगलेवर आशिक कुरुनियान या तरुणांना पोपोविच यांनी नियमित खेळवले. माझ्या मते त्यांचे पुण्यातले मोलाचे काम हेच.

१८ सामन्यांत ३० गुण मिळवून पुणे चौथे आले. ७ मार्च २०१८ ला बालेवाडीत बेंगळुरू एफसीविरुद्ध उपांत्य लढतीचा पहिला सामना गोलशून्य बरोबरीत सुटला. चार दिवसांनी बेंगळुरूच्या कांतीरवा स्टेडियमवर सुनील छेत्रीने हॅट्‌ट्रिक केली. जोनातन लुकाचा फ्री किकवरचा गोल पुण्याच्या पदरी पडला आणि ३-१ अशा निकालाने मोसम संपला.

पुढच्या मोसमाआधी पोपोविच यांनी पुणे सोडले. त्यांच्या जागी आलेले मिगेल आंखेल पोर्तुगाल मोसमाच्या सुरुवातीलाच गेले. २०१९ मध्ये संघच बंद पडला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबाद एफसीने घेतली. स्टँकोविच आणि मार्सेलिन्योही तिकडेच गेले.

पोपोविच ऑस्ट्रियातील सांक्ट प्योल्टनमार्गे पुन्हा जपानला पोचले. २०२० ते २०२२ अशी तीन वर्षे ते माचिदात होते. २०२४ मध्ये त्यांना काशिमा अँटलर्स हा जपानमधील सर्वाधिक यशस्वी क्लबांपैकी एक मिळाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, मोसम संपण्याआधीच, त्यांना पदावरून दूर करण्यात आले.