गरी, कॅसिनो आणि भाच्याचा मोबाईल

गोव्यातल्या रायबंदरच्या कॉजवेवर संध्याकाळी गरी टाकून बसलेली माणसं दिसली की मला त्यांच्या चिकाटीचं नवल वाटायचं. सुंगट (कोळंबी) लावायचं, दोरी सोडायची आणि बसायचं. तासाभरात एखादा शेवटो मासा लागला तर लागला. दर दहा मिनिटांनी नेमाने एक मासा मिळत असता तर ती नोकरी झाली असती, रविवारी तिथे कोण कशाला आलं असतं?

परवा भाचा सोबत होता. सकाळी पर्र्याच्या माडांच्या रस्त्यावर त्याने रील केली होती. दर दोन मिनिटांनी मोबाईल बाहेर, अंगठ्याने पडदा खाली ओढून सोडायचा, लाइकचा आकडा बघायचा. "मामा, एकशेबारा!" परत खिशात. परत बाहेर. शेजारचा गरीवाला दोरी जराशी ओढून अंदाज घ्यायचा, अगदी तसंच.

दोघांच्या डोक्यात डोपामिन नावाचं रसायन काम करत असतं. त्याला 'आनंदाचं रसायन' म्हणायची पद्धत पडली आहे, पण ते तितकंसं खरं नाही. डोपामिन काढून घेतलेल्या उंदरांच्या तोंडात साखरेचं पाणी घातलं तर ते मिटक्या मारतात. समोरच्या अन्नाकडे मात्र चार पावलं चालत जात नाहीत. आवडणं शाबूत राहतं, ओढ संपते. केंट बेरिज या शास्त्रज्ञाने हा फरक दाखवून दिला.

ही ओढ कधी वाढते? मेंदूशास्त्रज्ञ वुल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांना फळांचा रस देऊन मेंदूतल्या डोपामिनच्या पेशींची नोंद घेतली. अनपेक्षित रस मिळाला की पेशी उसळत. ठरलेल्या खुणेनंतर रस मिळतोच हे माकडाला कळलं, की रसाला प्रतिसाद नाही, खुणेलाच. आणि खूण होऊन रस आला नाही, तर नेमक्या त्या क्षणी पेशी गप्प. २००३ साली त्यांच्याच प्रयोगशाळेत आणखी एक गोष्ट दिसली. रस मिळण्याची शक्यता निम्मी-निम्मी असेल, तेव्हा वाट पाहण्याच्या काळात काही पेशींची हालचाल चढत जाते आणि तेव्हाच ती सर्वांत जास्त असते. म्हणजे 'मिळेल की नाही?' हीच खरी फोडणी. लाइकचा आकडा, कुणाचा तरी मेसेज, शेअरचा भाव: तिन्हींत हीच फोडणी.

कॉजवेवरून पणजीकडे पाहिलं तर मांडवीतल्या कॅसिनोंचे दिवे लागलेले. तिथला धंदाही याच अनिश्चिततेवर चालतो. २०२० च्या फेब्रुवारीपासून गोमंतकीयांना तिथे खेळायला बंदी आहे. पण निदान तिथे जायला धक्क्यावरून बोट तरी धरावी लागते! मोबाईलच्या बाबतीत ना धक्का ना बोट. पूर्वी संकेतस्थळाचं पान संपायचं, 'पुढे' दाबावं लागायचं, तेवढ्यात माणूस भानावर यायचा. २००६ मध्ये डिझायनर अझा रास्किन यांनी न संपणारं पान शोधून काढलं आणि तो थांबाही गेला. पुढे त्यांनी याबद्दल जाहीर खेदही व्यक्त केला, पण खेदाने पान थोडंच संपतं?

गरीवाल्याला थांबवायला नदी असते. ओहोटी लागली तशी त्याने दोरी गुंडाळली, उरलेली सुंगटं पाण्यात भिरकावली. पिशवीत दोन शेवटे होते. त्याने ती उघडून दाखवली आणि स्कूटरला किक मारली.

भाचा अजून कठड्याला टेकूनच. "मामा, एकशेचौदावर अडकलंय. नेटवर्क गेलं वाटतं."