फेरफार आणि तीर्थोपाध्यायांची वही: खातेदार म्हणजे बाप नव्हे

सातबारा वाचता येतो, त्यावरचे फेरफार (जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद) क्रमांक धरून मागे कसे जायचे हेही बहुतेकांना माहीत असते. तरीही फेरफारांतली नावे एकाखाली एक मांडून तयार केलेल्या ‘वंशावळी’ सतत समोर येतात आणि त्यांतल्या पुष्कळ चुकलेल्या असतात. फेरफार जमिनीचा प्रवास सांगतो, तीर्थोपाध्यायांची वही, म्हणजे तीर्थक्षेत्रीच्या पुरोहितांनी ठेवलेली यात्रेकरूंची नोंदवही, घराण्याचा. हे दोन प्रवास एकच आहेत असे धरून चालले की घोळ होतो.

आधी काळाचे पाहू. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा 1903 साली झाला. 1870 च्या सुमारास वारलेल्या पणजोबांच्या नावाचा फेरफार त्यामुळे मिळणार नाही. ते भेटतील मुलाच्या नावापुढच्या ‘वल्द’ किंवा ‘बिन’ (दोन्हींचा अर्थ ‘चा मुलगा’) नंतर. त्याआधीच्या मोजणीतले शेतवारपत्रक खातेदार सांगते, कुटुंब सांगत नाही.

खरा घोटाळा एकत्र कुटुंबात होतो. खाते कर्त्याच्या नावावर असायचे, बहुधा थोरल्या भावाच्या. धाकटे भाऊ त्याच जमिनीत राबले, पण कागदावर आले नाहीत. पुढे ‘एकुमॅ’ (एकत्र कुटुंब मॅनेजर) म्हणून जो शेरा दिसतो तो याच कर्त्याचा. थोरला वारला की खाते कधी त्याच्या मुलाकडे गेले, कधी दुसऱ्या भावाकडे, तर कधी पुतण्याकडे. समजा, पहिले नाव ‘सखाराम बिन राणोजी’ आणि त्यानंतरचे ‘तुकाराम बिन राणोजी’. हे दोघे भाऊ. पण नावे उतरवून घेताना ‘बिन राणोजी’ गाळले, की तुकाराम सखारामचा मुलगा होतो, एक खोटी पिढी वाढते आणि राणोजी वंशावळीतूनच जातो. म्हणून प्रत्येक नाव बापाच्या नावासकट उतरवा. फेरफाराचा मजकूरही पूर्ण वाचा, कारण मयताला मुलगा नव्हता का, वारस भाऊ की पुतण्या, हे तिथेच लिहिलेले असते. नोंदीची तारीख ही मृत्यूची तारीख नव्हे. वारस लागायला कित्येकदा वर्षे गेलेली असतात. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यापूर्वीच्या वारस नोंदीत मुलगे असताना मुलींची नावे सहसा नसतात, म्हणून ‘त्यांना मुली नव्हत्या’ असे लिहून मोकळे होऊ नका. मुले लहान असतील तर ‘अ. पा. क.’ (अज्ञान पालन कर्ता) पुढे बहुधा आईचे नाव सापडते. ते सोडू नये.

आता वही. नाशिक आणि त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांकडच्या वह्या गाव, जात, आडनाव यांवरून शोधतात. गाव म्हणजे मूळ गाव, आजचा पत्ता नव्हे. श्राद्धाला बाप, आजा, पणजा यांची नावे लागतातच, आणि यजमान सोबत भाऊ, चुलते, मुले, पुतणे लिहवून जातो. फेरफारात न दिसणारे धाकटे भाऊ इथे दिसतात, म्हणून नात्याच्या बाबतीत मी वहीलाच वरचढ मानतो. मात्र वहीतली तारीख यात्रेची असते, जन्माची नव्हे. शके असेल तर इसवी सनासाठी 78 मिळवा, साधारण पौषाच्या मध्यानंतरची नोंद असेल तर 79. आजोबाचे नाव नातवाला ठेवण्याची रीत असल्याने गणपत बापू आणि बापू गणपत यांची सरमिसळ सहज होते. तिथेही बापाचे नाव आणि यात्रेचे साल हीच कसोटी. दत्तकाचा उल्लेख असेल तर दोन्ही घरांची नावे घ्या.

पहिल्यांदा फेरफारांवरून गाव आणि जुना सर्व्हे नंबर पक्का करा. जमिनींच्या एकत्रीकरणात सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले असतील तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून जुन्या-नव्या नंबरांचा मेळ दाखवणारा एकत्रीकरणाचा जबाब काढा, नाहीतर दुसऱ्याच जमिनीचा इतिहास हाती येईल. मग वहीकडे जा. नोंद मोडीत असेल तर तिथल्या तिथे तोंडी वाचनावर भागवू नका. उपाध्यायांची परवानगी घेऊन यजमानाच्या सहीसकट पूर्ण पानाचा फोटो काढा आणि मोडी जाणणाऱ्या दुसऱ्या माणसाकडून स्वतंत्रपणे वाचून घ्या.