बर्लिनची कुल्टुरब्राउएराय : बिअर गेली, भट्टी राहिली

बर्लिनला गेलेली आपली मंडळी प्रेन्झलाउअर बेर्ग भागातल्या कुल्टुरब्राउएरायमध्ये सिनेमाला नाहीतर डिसेंबरातल्या ख्रिसमस मार्केटला जाऊन येतात, पिवळ्या विटांचे बुरुज, कमानी, एका अंगणातून दुसऱ्या अंगणात निघणारे बोळ असे फोटो टाकतात आणि खाली लिहितात की मस्त जुना किल्ला बघितला. अहो किल्ला नाही तो, बिअरची भट्टी आहे. नावातच आहे की, ब्राउएराय म्हणजे ब्रुअरी.

गोष्ट सुरू होते १८४२ मध्ये. प्रेल नावाच्या एका औषधवाल्याने बर्लिनमध्ये ब्रुअरी काढली, पण ती या जागेवर नाही, खाली शहरात. इथे शोनहाउझर आलेच्या चढावर त्याने घेतलं ते फक्त तळघर. आता बिअरवाल्याला शहराबाहेर टेकाडावर तळघर कशाला हवं, तर तिथेच सगळी मेख आहे. बर्लिनची जुनी बिअर वेगळी, आंबटसर, ती साध्या हवेत आंबवली तरी चालायची. पण तेव्हा लोकांना बव्हेरियाकडच्या लागर बिअरची चटक लागत होती आणि लागरचं यीस्ट थंडीतच नीट काम करतं, नंतर ती बिअर बर्फाच्या आसपासच्या तापमानात कित्येक आठवडे मुरवत ठेवावी लागते. फ्रीज नव्हताच तेव्हा. हिवाळ्यात तळ्यातला बर्फ कापून आणायचा, खोल तळघरात रचायचा आणि उन्हाळाभर पुरवायचा. खाली श्प्रे नदीकाठी जमीन दलदलीची, चार हात खणलं की पाणी, पण प्रेन्झलाउअर बेर्ग पठाराच्या कडेवर आहे, भूजल खोल आहे, त्यामुळे हवं तेवढं खणता येतं. म्हणूनच या एका भागात ब्रुअऱ्यांची रांग लागली, १८४१ चं फेफरबेर्ग, बोट्सो, क्योनिगश्टाट. तळघरावर ऊन नको म्हणून चेस्टनटची झाडं लावायचे आणि झाडाखाली बाकडी टाकून तिथेच बिअर विकायचे, बिअर गार्डन बिअर गार्डन म्हणतात ते हेच. म्हणजे सावली आधी बिअरसाठी होती, गिऱ्हाईक नंतर आलं!

१८५३ मध्ये धंदा योब्स्ट शुल्टहाइसने घेतला आणि त्याला आपलं नाव दिलं. अकरा वर्षांनी, १८६४ मध्ये त्याने तो विकूनही टाकला. घेणारा आडोल्फ रोझिके हा व्यापारी, त्याने मुलासाठी म्हणून घेतला, नाव मात्र बदललं नाही कारण बाजारात ते चाललेलं होतं. अकरा वर्षांच्या मालकीवर माणसाचं नाव दीडशे वर्षांहून जास्त बाटलीवर राहिलं, असलं नशीब कुणाला मिळतं. खरा धंदा वाढवला तो रोझिकेच्या मुलाने, रिशार्डने, जो पुढे राइशटागमध्ये म्हणजे जर्मन संसदेत खासदारही झाला आणि कामगारांच्या सोयीसवलतींसाठी ओळखला जायचा. १८७१ मध्ये शेअर कंपनी झाली, १८९१ मध्ये क्रॉइट्सबेर्गची टिव्होली ब्रुअरी पोटात घेतली, १९२० मध्ये पाटझेनहोफर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शुल्टहाइस जगातल्या सगळ्यात मोठ्या लागर कंपन्यांत धरली जायची.

हे जे बुरुज आपण बघतो ते या भरभराटीच्या काळातले. १८७८ पासून पुढची दहा-बारा वर्षं फ्रान्झ श्वेश्टेन या आर्किटेक्टने ही सगळी वसाहत उभी केली, सहा अंगणं आणि वीसच्या वर इमारती, त्यात बिअर उकळायचं घर, बॉयलर घर, इंजिन घर, घोड्यांचे तबेले सगळं आलं. कारखान्याला किल्ल्याचा थाट कशाला, तर त्या काळात पैसेवाल्या कारखानदारांना ती हौसच होती, धुराड्याला पण बुरुजासारखं नटवायचे. श्वेश्टेन काही लहानसहान माणूस नव्हता. बर्लिनचं भव्य आनहाल्टर स्टेशन त्याचं, मोडक्या मनोऱ्याचं कैसर विल्हेल्म स्मारक चर्च पण त्याचंच. गंमत बघा, स्टेशन दुसऱ्या महायुद्धात बॉम्बने मोडलं आणि नंतर पाडलं, आता दर्शनी भागाचा एक तुकडा उभा आहे, चर्चचा मनोरा फुटका तसाच ठेवलाय, आणि ज्या कामासाठी त्याला कुणी फारसं ओळखत नाही ती भट्टी तेवढी जवळजवळ धड राहिली.

युद्धाच्या काळात इथे सक्तीने आणलेल्या मजुरांना राबवलं गेलं, पिवळ्या विटांचं कौतुक करताना हेही लक्षात असू द्यावं. १९४५ नंतर हा भाग पूर्व बर्लिनमध्ये गेला, ब्रुअरी सरकारजमा झाली आणि १९६७ मध्ये बिअर काढणं बंद पडलं.

आता इथून पुढचं मला जास्त इंटरेस्टिंग वाटतं. बंद पडलेला कारखाना, शहरातली मोक्याची जागा, म्हणजे पाडायला किती वेळ लागतो? आपल्या परळ-लालबागला बघितलंय आपण, गिरणी जाते आणि शोभेला एक चिमणी राहते. पण पूर्व जर्मनीत जागेला बाजारभाव असा नव्हताच, त्यामुळे पाडून टॉवर बांधायची घाई कुणालाच नव्हती. अंगणात फर्निचरचं दुकान आलं, १९७० मध्ये एका बाजूला तरुणांसाठी फ्रान्झ क्लब सुरू झाला, बाकी गोदामं. १९७४ मध्ये संरक्षित वास्तू म्हणून नोंद झाली. डागडुजी फारशी नाही, पण हातही लावला नाही कुणी. माझं तर मत आहे की अर्धं जतन हे दुर्लक्षानेच केलं, कायदा नंतर आला.

खरा धोका १९८९ मध्ये बर्लिनची भिंत पडल्यावर आला. आता अचानक जागेला भाव. कलाकार मंडळींनी ९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच आत शिरून नाटकं, मैफली सुरू केल्या होत्या, कुल्टुरब्राउएराय म्हणजे संस्कृतीची ब्रुअरी हे नाव त्यांच्याच वेळचं. मालकी मात्र पूर्व जर्मनीची सरकारी मालमत्ता विकणाऱ्या ट्रॉयहांड यंत्रणेकडे आणि पुढे तिच्या जमिनी सांभाळणाऱ्या कंपनीकडे गेली, तिनेच १९९८ पासून दोन-तीन वर्षांत सगळं दुरुस्त करून घेतलं. भिंती, विटकाम, दारांवरची जुनी अक्षरं ठेवली, आत मल्टिप्लेक्स, ऑफिसं, सुपरमार्केट घातलं. बॉयलर घर आता मैफलीचा हॉल आहे, जुनं कँटीन नाचायचा क्लब, नावं तीच. फ्रान्झ क्लब मधे काही वर्षं बंद पडला आणि परत उघडला तो स्पेलिंगमध्ये एक एन जास्त घेऊन. तक्रार करणारे म्हणतात की कलाकारांपेक्षा भाडं देणारी दुकानंच जास्त झाली, आणि ते काही खोटं नाही. पण छप्पर दुरुस्त करायचे पैसे मैफलीच्या तिकिटातून निघत नाहीत, हेही खरंच ना.

तुलनेला त्याच कंपनीची क्रॉइट्सबेर्गची टिव्होली ब्रुअरी घ्या. ती पश्चिम बर्लिनमध्ये राहिली, ९० च्या दशकात बंद झाली. बर्लिनिशे गालेरी हे कलासंग्रहालय तिथे जाणार असं ठरलं होतं, ते फिसकटलं, संग्रहालय दुसरीकडे काचेच्या जुन्या गोदामात गेलं आणि ब्रुअरीत झाले महागडे फ्लॅट. इमारत वाचली, पण आत जायला तुमचं तिथे घर पाहिजे. इकडे मात्र अंगणातून कुणीही फिरू शकतो, आणि २०१३ पासून पूर्व जर्मनीतल्या रोजच्या जगण्यावरचं संग्रहालय पण आहे, फुकट, टपावर तंबू असलेली ट्राबांट ही पूर्व जर्मनीची छोटी मोटार आहे तिथे, ती चुकवू नका.

शुल्टहाइस बिअर अजून मिळते. ती आता बर्लिनच्याच दुसऱ्या ब्रुअरीत बनते आणि त्या ब्रुअरीचा पत्ता आहे इंदिरा-गांधी-स्ट्रासं!