रॅम्पसाठी अर्ज: कोण करू शकतो, कोणाकडे करायचा, काय जोडायचं

सोयाबीन निघालं की आमच्या सेतू केंद्रावर गर्दी वाढते. त्या गर्दीत परवा तीनचाकी सायकलवर एक भाऊ आले आणि दारातच थांबले. आमच्या दुकानालाही एक पायरी आहे, हे आधीच कबूल करतो. बाहेरूनच त्यांनी विचारलं, "दवाखान्यात रॅम्प मांगाचा हाये, पण माह्यं सर्टिफिकेट ३५ टक्क्याचं हाये. अर्ज चालते काय?"

चालतो. किमान ४० टक्के दिव्यांगत्वाची अट इतक्या ठिकाणी ऐकून झालेली असते की रॅम्पलाही ती लागते असं लोक धरून चालतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये ४० टक्क्यांची मर्यादा आहे ती नोकरीतलं आरक्षण, काही योजना अशा लाभांसाठी. सरकारी इमारतीत शिरता येणं हा लाभ नाही. तिथे टक्केवारीचा प्रश्नच येत नाही. कुबडी घेतलेली आजी, पाय मोडलेला शेतमजूर, दिव्यांग मुलीचा बाप, यांपैकी कोणीही अर्ज करू शकतं.

कायदा कोणत्या इमारतींना लागू? 'सार्वजनिक इमारत' या शब्दाची व्याख्या चांगली ऐसपैस आहे. सरकारी असो की खाजगी, सर्वसामान्य लोक जिथे जातात ती इमारत त्यात येते: शाळा, दवाखाना, ग्रामपंचायत, तहसील, पोलीस ठाणे, बँक, बसस्थानक, देऊळसुद्धा. आमचं दुकानही त्यातून सुटत नाही. नवीन बांधकामाबाबत कलम ४४ कडक आहे. नकाशात सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना सहज ये-जा करता येण्याचे, नियम पाळलेले नसतील तर बांधकामाची परवानगी द्यायची नाही, आणि बांधून झाल्यावरही पूर्णत्वाचा दाखला द्यायचा नाही. जुन्या इमारतींसाठी कलम ४५ ने नियम निघाल्यापासून ५ वर्षं दिली होती. नियम जून २०१७ मध्ये निघाले, म्हणजे ती मुदत २०२२ मध्येच सरली. अग्रक्रमाने कुठे काम करायचं याची उदाहरणं देताना त्याच कलमात प्राथमिक आरोग्य केंद्र, शाळा, बसथांबा ही नावं स्पष्ट लिहिली आहेत. अर्जात 'कलम ४५' एवढं टाकलं की समोरचा जरा सावरून बसतो, असा माझा अनुभव आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की सुगम्यतेचे निकष नुसत्या शिफारशी म्हणून चालणार नाहीत, ते बंधनकारकच हवेत.

अर्ज लिहिण्याआधी टेप घेऊन जा. 'रॅम्प नाही' असं लिहिलं तर 'आहे की!' असं उत्तर येतं, कारण बहुतेक ठिकाणी काहीतरी उतरतं बांधकाम असतंच. उतार हवा १:१२, म्हणजे एक फूट उंचीला बारा फूट लांबी. एक पायरी सहा इंचांची धरा. तीन पायऱ्या म्हणजे दीड फूट उंची, तर रॅम्प हवा १८ फूट लांब. आमच्याकडे तो असतो पाच-सहा फुटांचा. मोटारसायकल चढवायला झकास, व्हीलचेअर मात्र मागे उलटते. त्यात आपली काळी माती. पाया न खोदता, नुसता मुरूम टाकून वर काँक्रीट ओतलं की एका पावसाळ्यात रॅम्प जोत्यापासून सुटतो आणि मध्ये चार बोटांची भेग पडते. चाक नेमकं तिथे अडकतं. भेगेत टेप धरून फोटो काढा. दार ९०० मिलिमीटर म्हणजे साधारण तीन फूट मोकळं हवं, आणि चाकाची खुर्ची वळवायला आत पाच फूट जागा. रॅम्पच्या दोन्ही बाजूंना कठडे हवेत. (मे महिन्यात उन्हात तापलेला स्टीलचा कठडा धरून बघा एकदा. त्यावर छप्पर मागायला हरकत नाही.) दिव्यांगांचं संडास असेल तर उघडून पाहा. ब्लीचिंग पावडरची पोती आणि बाहेरून कुलूप, हे दृश्य मी एकदा नाही, तीनदा पाहिलंय.

कागदपत्रं थोडीच लागतात. साधा अर्ज दोन प्रतींत, तारखेसह फोटो, मापं लिहिलेला कागद, आधारची झेरॉक्स. युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) असेल तर जोडा, नसेल म्हणून थांबू नका. कार्ड काढायचंच असेल तर त्यासाठी स्वावलंबन पोर्टलवर वेगळा अर्ज भरायचा, आणि मग नेमून दिलेल्या सरकारी रुग्णालयात तपासणी होते.

अर्जात एवढं पुरे: "आपल्या इमारतीच्या प्रवेशद्वारी तीन पायऱ्या असून रॅम्पची लांबी सहा फूट आहे. १:१२ उतारानुसार ती १८ फूट हवी. दिव्यांग संडासाला कुलूप आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, कलम ४५ नुसार दुरुस्ती करून केलेली कार्यवाही लेखी कळवावी."

अर्ज जातो इमारत ज्याच्या ताब्यात आहे त्याच्याकडे. आरोग्य केंद्राचा वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे, प्रत जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना. शाळेचा मुख्याध्यापकांकडे, आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीतही मांडा. ग्रामपंचायतीचा सरपंच व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक), प्रत गटविकास अधिकाऱ्यांना. तहसीलचा तहसीलदारांकडे, प्रत सार्वजनिक बांधकाम विभागाला. बसस्थानकाचा आगार व्यवस्थापकांकडे. ग्रामपंचायतीच्या बाबतीत मी तर म्हणतो, विषय ग्रामसभेत घ्या आणि ठराव लिहून घ्या. तिथे कोणीतरी म्हणेलच, दिव्यांगांचा ५ टक्के निधी आहे, त्यातून करू. सावध राहा. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला तो ५ टक्के वाटा आधीच तुटपुंजा असतो. इमारत नीट करणं हे इमारतवाल्याचं काम आहे, ते तुमच्या वाट्यातून कशाला?

दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय निघू नका. त्या भाऊंचा अर्ज लिहून झाला, पण आवक-जावकचं टेबल त्याच तीन पायऱ्यांच्या वर. पोच आणायला मीच गेलो.

महिनाभर काही हललं नाही तर माहितीचा अधिकार वापरा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. दारिद्र्यरेषेखालच्यांना शुल्क माफ. उत्तराची मुदत ३० दिवस. 'रॅम्प का नाही' असं विचारू नका, 'का' ला उत्तर मिळत नाही. मंजूर नकाशा, अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिका, म्हणजे एमबी, यांच्या प्रती मागा. अंदाजपत्रकात रॅम्प असेल, एमबीत त्याचं माप चढलेलं असेल आणि जागेवर तेवढा नसेल, तर प्रश्न एकट्या दिव्यांगांचा राहत नाही. मग बांधकामवालेही टेप घेऊन येतात.

शेवटचा टप्पा पुण्याचा. राज्याचे दिव्यांग आयुक्त तिथे बसतात. कायद्याने मिळालेला हक्क डावलला गेला तर कलम ८० नुसार ते चौकशी करू शकतात, आणि साक्षीदार बोलावणं, कागद मागवणं यासाठी त्यांना दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. त्यांनी शिफारस केली की संबंधित कार्यालयाला ३ महिन्यांत काय केलं ते कळवावं लागतं. तक्रार स्वतःच्या नावाने, मराठीत लिहा. पोच असलेला अर्ज, फोटो, मापं आणि माहिती अधिकाराचं उत्तर जोडून स्पीड पोस्टने पाठवा, पावती फाईलला लावा. कायदा मोडल्याबद्दल पहिल्यांदा १० हजार रुपयांपर्यंत आणि पुढच्या वेळी ५० हजार ते ५ लाखांपर्यंत दंडाची तरतूद कलम ८९ मध्ये आहे. पहिल्याच अर्जात मात्र दंडाची भाषा नको. तोवर निदान संडासाचं कुलूप तरी काढायला सांगा, त्याला कुठलं अंदाजपत्रक लागत नाही.