खासगी मातीचे धरण : मालकी तळ्याची, जोखीम खालच्या गावाची

माती दाबून उभारलेली पाळ आणि तिच्यामागे साठलेले तळे, ही रचना फार जुनी आहे. युरोपात मध्ययुगातील मठांनी मासे पाळण्यासाठी आणि पुढे गिरणीमालकांनी पाणचक्क्या फिरवण्यासाठी अशी असंख्य तळी बांधली. बांधणीचे ज्ञान बराच काळ अनुभवातूनच आलेले होते. भरावाची माती किती ओलाव्यावर सर्वाधिक घट्ट बसते, याची चाचणी प्रॉक्टर या अभियंत्याने 1933 मध्ये मांडली.

मालकाच्या जबाबदारीचा प्रश्न मात्र त्याआधीच न्यायालयात पोहोचला होता. इंग्लंडमधील लँकेशायर परगण्यात एका गिरणीच्या तळ्याचे पाणी जुन्या, बंद पडलेल्या खाणवाटांतून शेजाऱ्याच्या कोळसाखाणीत शिरले, आणि 'रायलँड्स विरुद्ध फ्लेचर' या खटल्यात 1868 मध्ये तिथले तेव्हाचे सर्वोच्च न्यायपीठ असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने मालकाची वैयक्तिक हयगय नसतानाही त्याला नुकसानीस जबाबदार धरले. अमेरिकेतील अनेक न्यायालयांनी हे तत्त्व सुरुवातीला नाकारले होते.

पेनसिल्व्हेनियातील साउथ फोर्क धरणाची कहाणी या संदर्भात वारंवार सांगितली जाते, आणि ते योग्यच आहे. कालव्याला पाणी पुरवण्यासाठी राज्याने बांधलेले हे मातीचे धरण कालव्याचा उपयोग संपल्यावर विकले गेले. मधल्या एका मालकाने तळातून पाणी सोडण्याचे विमोचक नळ काढून नेले, तर पुढे ते विकत घेणाऱ्या श्रीमंतांच्या क्लबने घोडागाड्यांसाठी माथा खाली आणला आणि मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यावर, म्हणजे जादा पाणी वाहून जाण्याच्या वाटेवर, जाळ्या बसवल्या. 31 मे 1889 रोजी अतिवृष्टीत पाणी माथ्यावरून वाहू लागले, धरण फुटले आणि जॉन्सटाउन परिसरात 2,209 माणसे मेली. क्लबवर कोणत्याही न्यायालयात जबाबदारी निश्चित झाली नाही. त्यानंतर मात्र तिथल्या न्यायालयांचा कल हळूहळू 'रायलँड्स'कडे झुकला.

मातीच्या धरणाला काँक्रीटच्या धरणासारखे माथ्यावरून वाहणारे पाणी सोसत नाही, म्हणून सांडवा हाच त्याचा खरा प्राण असतो. दुसरा धोका आतला: पाझराबरोबर मातीचे कण वाहू लागले की भरावात पोकळी वाढत जाते, आणि कुजलेली झाडाची मुळे किंवा प्राण्यांची बिळे त्या पाण्याला आयती वाट करून देतात.

अमेरिकेत धरण-तपासणीचा कायदा 1972 मध्ये झाला खरा, पण जॉर्जियातील केली बार्न्स हे वीजनिर्मिती थांबल्यानंतर केवळ तळे म्हणून उरलेले खासगी धरण 6 नोव्हेंबर 1977 च्या पहाटे फुटून 39 जण दगावल्यावरच, वस्तीला धोकादायक अशा बिगरसंघीय, म्हणजे केंद्र सरकारच्या मालकीच्या नसलेल्या, धरणांच्या तपासणीला वेग आला.