आठव्या मजल्यावर लिफ्टने जायचं, हे नकाशाला कसं कळतं?

दादर स्टेशनचा सपाट नकाशा काढला, तर पादचारी पुलांच्या रेघा फलाटांच्या रेघांना जागोजागी छेदताना दिसतात. पूल फलाटांच्या डोक्यावरून जातो आणि खाली उतरायचं ते जिना असेल तिथेच, हे आपल्याला ठाऊक असतं. पण नकाशा काढताना छेदाच्या जागी दोन्ही रेघांना एकच बिंदू दिला गेला, की मार्ग शोधणाऱ्या सॉफ्टवेअरच्या लेखी तो चौक होतो. मग ते प्रवाशाला खुशाल पुलाच्या मधूनच फलाटावर उतरवतं.

इमारतीच्या आतल्या नकाशात अशा जागा पावलोपावली असतात, कारण तिथे एकावर एक मजले रचलेले असतात. जीपीएसचीही फारशी मदत होत नाही. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांकडून येणारा तो क्षीण संदेश स्लॅब आणि भिंतींतून जेमतेम आत शिरतो आणि उंची सांगण्यात तर तो मोकळ्या मैदानावरही कच्चाच.

मार्ग शोधण्याचं गणित मात्र जुनं आहे. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांना ते १९५६ मध्ये ॲमस्टरडॅमच्या एका कॅफेत वीसेक मिनिटांत सुचलं, छापून आलं १९५९ मध्ये. बिंदू, त्यांना जोडणाऱ्या रेघा आणि प्रत्येक रेघेचा ‘खर्च’ म्हणजे अंतर किंवा वेळ, एवढं दिलं की कमीत कमी खर्चाची वाट निघते. या गणिताला मजला म्हणजे काय, हे माहीत नसतं आणि माहीत असायची गरजही नाही. दोन मजल्यांना जोडणारी रेघ आणि तिचा खर्च ठरवणं हे नकाशा करणाऱ्याचं काम, आणि कस लागतो तो इथेच.

लिफ्टचंच बघा. सोपा विचार असा, की प्रत्येक मजल्यावर लिफ्टसमोर एक बिंदू मांडावा आणि लगतचे मजले रेघेने जोडावेत. आता लिफ्टची वाट बघण्यात ४० सेकंद जातात आणि एक मजला चढायला ३ सेकंद लागतात, असं धरू. प्रत्येक रेघेवर ४३ सेकंद लिहिले, तर तळमजल्यावरून आठव्या मजल्याचा हिशेब ३४४ सेकंद होतो, जणू प्रत्येक मजल्यावर बाहेर पडून पुन्हा लिफ्टची वाट बघितली! जिन्याने मजल्याला २० सेकंद धरले तरी १६० सेकंदांत काम होतं. साहजिकच सॉफ्टवेअर धापा टाकणाऱ्या आजोबांनाही जिना दाखवतं.

यावर तोड म्हणजे लिफ्टच्या आतला वेगळा बिंदू. प्रत्येक मजल्याला दोन बिंदू द्यायचे, एक लॉबीतला आणि एक केबिनमधला. लॉबीतून केबिनमध्ये शिरण्याच्या रेघेवर ४० सेकंद, केबिन ते केबिन ३ सेकंद, बाहेर पडायला जवळजवळ शून्य. आता हिशेब ६४ सेकंदांवर येतो. मुंबईत कित्येक इमारतींत एक लिफ्ट सम मजल्यांवर थांबते आणि दुसरी विषम मजल्यांवर. तिथे जो मजला वगळला जातो तिथली फक्त दाराची रेघ पुसायची. सरकत्या जिन्याची रेघ एकेरी. व्हीलचेअरवरच्या माणसासाठी जिने आणि सरकते जिने दोन्ही बाद, आणि मग नकाशा खरा किती कामाचा आहे ते कळतं.

ओपनस्ट्रीटमॅपसारख्या खुल्या नकाशात प्रत्येक खोलीला, वाटेला मजल्याचा क्रमांक जोडतात: तळमजला सहसा शून्य, तळघर उणे एक. जिन्याला मात्र दोन्ही मजल्यांचे क्रमांक द्यावे लागतात, नाहीतर वरचा मजला अधांतरी राहतो. मजल्यांचे आराखडे एकमेकांवर नेमके बसवण्यासाठी लिफ्टची विहीर, म्हणजे लिफ्ट वर-खाली करते ती उभी पोकळी, फार उपयोगी पडते, कारण ती सगळ्या मजल्यांवर एकाच जागी असते. उतारावरच्या इमारतीत मात्र पुढचा दरवाजा तळमजल्यावर आणि मागचा दुसऱ्यावर, अशी गंमत असते. तिथे ‘जमिनीची पातळी’ हा प्रश्नच सोडून द्यावा, असं माझं मत.

उरला प्रश्न, आपण सध्या कितव्या मजल्यावर आहोत याचा. बऱ्याच फोनमध्ये हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो. समुद्रसपाटीजवळ एक मीटर वर गेलं की दाब साधारण ०.१२ हेक्टोपास्कलने (हे दाबाचं एकक) उतरतो, म्हणजे तीन मीटरच्या मजल्याला ०.३६. हा फरक सेन्सरला सहज कळतो. पण उष्ण कटिबंधात हवेचा दाब रोज आपोआप हेलकावे खातो. सकाळी दहाच्या सुमारास तो चढलेला असतो आणि दुपारी चारपर्यंत दोन-तीन हेक्टोपास्कलने उतरतो. टेबलावर ठेवलेला फोन केवळ दाबावर विसंबला, तर चार वाजेपर्यंत आपण सहा ते आठ मजले चढलो असं त्याला वाटेल. म्हणून दाबाचा आकडा सोडून अर्ध्या-एक मिनिटात तो किती बदलला ते बघतात, आणि त्या वेळी माणूस नकाशातल्या जिन्याजवळ होता की लिफ्टजवळ, हे ताडून पाहतात. जवळपासच्या वाय-फायच्या खुणाही मदतीला घेतात.

आग लागली, की याच जाळ्यातल्या लिफ्टच्या सगळ्या रेघा एका फटक्यात पुसाव्या लागतात. व्हीलचेअरवरच्या माणसासाठी जिने आधीच बाद असतात, त्यामुळे बाहेर पडण्याची एकही वाट उरत नाही. म्हणून उंच इमारतींतल्या ‘रेफ्यूज एरिया’ला, म्हणजे आगीच्या वेळी सुटका होईपर्यंत सुरक्षित थांबण्यासाठी राखलेल्या जागेला, नकाशात स्वतःचा बिंदू द्यायला हवा, आणि अशा वेळी मुख्य दरवाजाऐवजी तोच मुक्काम धरून वाट काढायला हवी.