घरगुती डायपोल अँटेना

डायपोल म्हणजे हौशी रेडिओचालक, म्हणजेच हॅम, स्वतःच्या हाताने बनवतात तो तारेचा सर्वांत साधा एरियल. सारख्या लांबीच्या दोन तारा एका रेषेत ताणायच्या आणि मधल्या मोकळ्या जागेत रेडिओची केबल जोडायची, एवढीच त्याची रचना. हाइनरिख हर्ट्झने १८८७ च्या सुमारास रेडिओ लहरी प्रयोगाने दाखवून दिल्या, त्याही मधोमध खंड असलेल्या अशाच दोन भुजांनी. विकतचे महागडे अँटेना मिळत असताना आजही बहुतेकांचा पहिला अँटेना डायपोलच असतो, आणि तो असावाही.

डायपोलची एकूण लांबी तरंगलांबीच्या निम्मी असते. व्यवहारात १४३ ला मेगाहर्ट्झमधल्या वारंवारितेने भागले की लांबी मीटरमध्ये मिळते. भारतात चाळीस मीटर बँड, म्हणजे साधारण चाळीस मीटर तरंगलांबीचा वारंवारितांचा पट्टा, ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ आहे. त्यातल्या ७.१ साठी २०.१४ मीटर, म्हणजे प्रत्येक भुजा सुमारे १०.०७ मीटर. १४.२ मेगाहर्ट्झला याच्या बरोबर निम्मी तार पुरते. प्लास्टिकचे आवरण असलेली घरगुती वायरिंगची तार वापरली, तर लांबी दोन-चार टक्क्यांनी कमी लागते. तरीही सुरुवातीला भुजा साडेदहा मीटरचीच ठेवावी. जास्तीची तार नंतर काढता येते, कमी पडली तर जोड द्यावा लागतो.

मराठवाड्यात लागणारे बहुतेक सामान शेतावर किंवा तालुक्याच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळते. मधल्या इन्सुलेटरला पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा घेतात. त्याच्या दोन्ही टोकांना भोके पाडून तार ओवतात आणि स्वतःभोवतीच पिळून घट्ट करतात. मग तांबे पॉलिश पेपरने लख्ख घासून केबलचा मधला गाभा एका भुजेला आणि वरची जाळी दुसऱ्या भुजेला सोल्डर करतात. केबल पाइपलाच बांधून टाकायची. तिचे वजन सोल्डरवर आले, तर पहिल्याच वावटळीत जोड सुटतो. उघड्या तोंडातून पाणी जाळीत शिरले की केबल आतून काळी पडते, म्हणून जोड एम-सीलने पूर्ण बुजवतात. टोकांच्या इन्सुलेटरला ठिबकच्या काळ्या नळीचे तुकडे चांगले चालतात. उन्हात वर्षानुवर्षे टिकावी अशीच ती नळी बनवलेली असते.

मधला आधार म्हणजे माळवदावर किंवा स्लॅबवर उभा केलेला वेळू, आणि टोके बांधायला कडुलिंबाची किंवा बाभळीची झाडे. झाडावर दोरी टाकायला लोखंडी नटाला बारीक सुतळी बांधून फेकतात. ज्वारीच्या राखणीत गोफणीवर ज्याचा हात बसला आहे, त्याला हे काम पहिल्या दमात जमते. मध्य उंच आणि दोन्ही टोके उतरती ठेवली की उलट्या व्ही आकाराचा डायपोल होतो. याला एकच उंच आधार लागतो, शिवाय त्याचा रोध ५० ओहमच्या केबलशी बराच जुळतो. झाडे वाऱ्यात डोलतात, म्हणून दोरीला थोडी ढील हवी. प्रक्षेपण करताना तारेच्या टोकांना मोठा व्होल्टेज असतो. ती पोरांच्या किंवा जनावरांच्या आवाक्यात नसावीत. पत्र्याच्या छपराला तार लगटून गेली, तर सगळे मोजमाप बिघडते.

जुळवणी एसडब्ल्यूआर मीटरने, म्हणजे अँटेनाकडून किती ऊर्जा परत येते ते दाखवणाऱ्या मीटरने करतात. अँटेना ७.१ ऐवजी ६.९ मेगाहर्ट्झवर जुळत असेल, तर तार लांब आहे. प्रत्येक भुजा १० सेंटीमीटर कमी केली की जुळणी साधारण ७० किलोहर्ट्झने वर सरकते, म्हणजे या उदाहरणात दोन्हीकडून सुमारे २९ सेंटीमीटर. तार कापण्याऐवजी टोक मागे दुमडून स्वतःभोवती गुंडाळावे. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात ओलीचिंब होते. तिच्यावर कमी उंचीने बांधलेल्या तारेची जुळणी ऋतूप्रमाणे थोडी हलते.

उंची कमी आहे म्हणून पुष्कळजण डायपोल बांधायचेच टाळतात. हा मोठा गैरसमज आहे. चाळीस मीटरवर १० मीटर उंची म्हणजे पाव तरंगलांबी. एवढ्या उंचीवरून बरीच ऊर्जा सरळ वर जाते आणि आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, परतून काहीशे किलोमीटरच्या परिसरात उतरते. लातूरहून मुंबई सरळ रेषेत सुमारे ४०० किलोमीटर आणि नांदेडहून नागपूर तीनशेच्या आत. दिवसा महाराष्ट्रभर बोलायला असाच बुटका डायपोल योग्य, आणि त्याची दिशाही फारशी पाहावी लागत नाही. वीस मीटर बँडवर, म्हणजे १४ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, मात्र दिशा महत्त्वाची ठरते. युरोप आपल्या वायव्येला असल्याने तार ईशान्य-नैऋत्य ताणतात, कारण जोर तारेला काटकोनात असलेल्या दिशेला असतो.

प्रक्षेपणासाठी केंद्र सरकारचा परवाना लागतो. परीक्षा झाल्यावर व्हीयू२ किंवा व्हीयू३ ने सुरू होणारे संकेतनाम मिळते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली गावे जमीनदोस्त झाली, तेव्हा हौशी रेडिओचालकांनी संदेशवहनाला हातभार लावला. घडी घालून पिशवीत नेता येणारी आणि दोन झाडांमध्ये अर्ध्या तासात उभी राहणारी तार अशा वेळी किती मोलाची असते, हे इथल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

विजेच्या तारांखालून, वरून किंवा शेजारून डायपोल कधीही नेऊ नये. डायपोल तुटला किंवा विजेची तार पडली, तर जीवावर बेतते. दुसरा धोका एप्रिल-मेमधल्या वळवाच्या विजांचा. त्या दिवसांत काम झाले की केबल रेडिओपासून काढून तिचे टोक घराबाहेर ठेवावे. गडगडाट सुरू झाल्यावर ती काढायला जाऊ नये. तोवर केबलला हात लावण्याची वेळ टळून गेलेली असते.